दोन पॉइंटांच्या मधलं टेनिस

टेनिसच्या तासाभराच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. व्यावसायिक सामन्यांची मोजमापं पाहिली तर मातीच्या संथ कोर्टावर हे प्रमाण २० ते ३० टक्क्यांच्या घरात भरतं, वेगवान कोर्टावर त्याहूनही खाली उतरतं. बाकीचा वेळ चेंडू गोळा करण्यात, घाम पुसण्यात, बाजू बदलण्यात आणि बेसलाइनपाशी परत येण्यात जातो. फुटबॉलमध्ये पास चुकला तर त्याबद्दल खंत करायला सवड नसते, चेंडूमागे धावावंच लागतं. क्रिकेटमध्ये फलंदाज चुकला तर निदान तंबूत परतून तोंड लपवता येतं. टेनिसपटूला मात्र आपल्या चुकीसकट तिथंच उभं राहावं लागतं, आणि नियमच त्याला विचार करायला वेळ देतात : दोन पॉइंटांच्या मध्ये २५ सेकंद, बाजू बदलताना दीड मिनिट. घड्याळाचा आधारही नाही. आघाडी घेऊन वेळ काढता येत नाही, शेवटचा पॉइंट जिंकावाच लागतो. हौशी खेळाडूच्या वाट्याला तर पंचही नसतो. स्कोअर त्यानंच लक्षात ठेवायचा, आपल्या बाजूचा चेंडू आत पडला की बाहेर हेही त्यानंच सांगायचं, आणि त्याबद्दल समोरच्याच्या कपाळावरच्या आठ्याही त्यानंच बघायच्या.

अशा सामन्यात हरलेल्या माणसाचं क्लबात होणारं निदान ठरलेलं असतं. खेळ बरा आहे, पण मनानं कच्चा. सल्लाही ठरलेला : मन घट्ट कर, मोक्याच्या क्षणी घाबरू नकोस. या निदानात एक गृहीतक दडलेलं आहे, ते असं की मानसिक बळ म्हणजे काहींना जन्मजात लाभलेलं आणि बाकीच्यांना न लाभलेलं धैर्य. हौशी टेनिसला ते लागू पडत नाही असं मला वाटतं. आठवड्यातून दोन-तीनदा खेळणाऱ्या माणसाला होणारा मनस्ताप भित्रेपणातून कमी आणि चुकीच्या हिशेबातून जास्त येतो. आपला खेळ नेमका किती चांगला आहे, एक चूक किती महाग पडते, पॉइंट समोरच्यानं मिळवला की आपण त्याला दिला, या सगळ्याची मांडणीच मुळात चुकलेली असते. आणि वर सांगितलेला मोकळा वेळ ती चुकीची मांडणी पुन्हा पुन्हा करण्यात खर्च होतो.

हिशेबाची सुरुवात फेडररपासून करता येईल. जून २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात बोलताना रॉजर फेडररनं स्वतःचेच आकडे सांगितले. कारकिर्दीतल्या १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळपास ८० टक्के त्यानं जिंकले, पण त्या सामन्यांतले पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के. म्हणजे या खेळातला एक सर्वश्रेष्ठ खेळाडू शंभरातले शेहेचाळीस पॉइंट गमावत होता. हौशी खेळाडू मात्र गमावलेला प्रत्येक पॉइंट अपघात समजतो, कारण त्याच्या मनातली स्वतःच्या खेळाची प्रतिमा सरासरीवर बेतलेली नसते. गेल्या रविवारी रेषेलगत सणसणत गेलेला तो एक फोरहँड, तोच त्याला आपला खरा खेळ वाटतो. त्यानंतरचे जाळ्यात गेलेले वीस फोरहँड हे त्याच्या लेखी विघ्न. मग रागही वीस वेळा येतो. अमेरिकेतला अभियंता आणि टीआरडब्ल्यू या कंपनीचा एक संस्थापक सायमन रॅमो यानं हौशी खेळाडूंसाठी टेनिसचं पुस्तक लिहिलं, त्यात त्यानं दोन वेगळे खेळ ओळखले होते. तरबेज खेळाडूंच्या सामन्यात सुमारे ८० टक्के पॉइंट जिंकले जातात. सामान्य खेळाडूंच्या सामन्यात सुमारे ८० टक्के पॉइंट गमावले जातात. आकडा ढोबळ आहे, पण कोणत्याही क्लबच्या कोर्टाकडेला अर्धा तास बसलं तरी पटण्याजोगा आहे. चार्ल्स एलिस यांनी १९७५ मध्ये हाच विचार उचलून गुंतवणुकीला लावला आणि त्यांचा लेख गाजला. टेनिस खेळणाऱ्यांपेक्षा पैसेवाल्यांनीच रॅमोचं जास्त ऐकलं म्हणायचं.

रॅमोचं म्हणणं मान्य केलं की चुकीचा अर्थच पालटतो. या पातळीवर चूक हेच चलन आहे. दोन्ही बाजू त्यातच व्यवहार करतात. प्रश्न इतकाच उरतो की कोणाच्या चुका थोड्या कमी होतील. आणि याचं उत्तर पुष्कळदा भूमितीत सापडतं. टेनिसची जाळी मध्यभागी तीन फूट उंच असते, खांबापाशी साडेतीन. एकेरीचं कोर्ट ७८ फूट लांब, पण कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर सुमारे साडेब्याऐंशी फूट. म्हणजे क्रॉसकोर्ट मारलेला चेंडू जाळीच्या बुटक्या भागावरून जातो आणि त्याला आत पडायला साडेचार फूट जागाही जास्त मिळते. रेषेलगत सरळ मारायचं तर जाळी उंच आणि जागा कमी. दडपणाखाली हौशी खेळाडू नेमका हा दुसरा फटका निवडतो, कारण पॉइंट लवकर संपवून त्या अस्वस्थतेतून सुटायचं असतं. फटका चुकला की तो म्हणतो, मन खचलं. खरं तर आधी निवड चुकली होती, मन त्यानंतर खचलं.

यावर कोणी म्हणेल, पॉइंट पॉइंटमध्ये फरक असतो. ५४ टक्क्यांचा हिशेब कागदावर ठीक, पण ब्रेक पॉइंटला हात थरथरतो त्याचं काय? आक्षेप रास्त आहे. टेनिसची स्कोअरिंग पद्धतच अशी की सगळे पॉइंट सारख्या किमतीचे नसतात. २०१० च्या विम्बल्डनमध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहू यांच्यातला सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं चालला. पाचवा सेट ७०-६८. एकूण पॉइंट माहूनं जास्त जिंकले होते, ५०२ विरुद्ध ४७८, आणि तरी तो हरला. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररनं जोकोविचपेक्षा १४ पॉइंट जास्त मिळवले, विजेतेपदाचे दोन पॉइंटही त्याच्या हातात होते, आणि करंडक जोकोविचनं उचलला. तेव्हा काही पॉइंट जड असतात हे खरंच. फ्रँक क्लासेन आणि यान मॅग्नस या अर्थमितीतल्या अभ्यासकांनी १९९२ ते १९९५ या चार विम्बल्डनमधले जवळपास ९० हजार पॉइंट तपासून २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. मागचा पॉइंट जिंकला असेल तर पुढचा जिंकण्याची शक्यता किंचित वाढते. महत्त्वाच्या पॉइंटला सर्व्ह करणाऱ्याला जिंकणं किंचित अवघड जातं. आणि खेळाडू जितका कमकुवत, तितके हे परिणाम ठळक. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, जी सहसा कोणी सांगत नाही : हे परिणाम एकंदरीत लहान आहेत. हा अभ्यास अव्वल खेळाडूंचा आहे, त्यामुळे तो क्लबातल्या खेळाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्याचा रोख पाहता दोन गोष्टी एकदम मान्य कराव्या लागतात. मनावरचा भार खरा आहे आणि कच्च्या खेळाडूवर तो अधिक आहे. तरीही तो आपल्याला वाटतो तेवढा मोठा बहुधा नसतो. हरलेला ब्रेक पॉइंट लक्षात राहतो, त्याच गेममध्ये १५-० ला आळसानं दवडलेला पॉइंट राहत नाही.

हात आखडतो तेव्हा नेमकं काय होतं, याचा बराच अभ्यास झालेला आहे. रॉय बाउमाइस्टर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की दडपण आलं की माणूस स्वतःच्या हालचालीकडे लक्ष देऊ लागतो, आणि सवयीनं नीट होणारी कृती त्या देखरेखीमुळेच बिघडते. रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फच्या पटिंगवर प्रयोग केला. ज्यांना नियम सांगून शिकवलं होतं ते दडपणाखाली अडखळले. ज्यांनी नियम न शिकता सरावातून कौशल्य उचललं होतं ते तसे अडखळले नाहीत. १९९३ च्या विम्बल्डनमध्ये याना नोव्होत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ नं पुढे होती, सर्व्हिसवर ४०-३० होतं, आणि तिथं तिनं डबल फॉल्ट केला. त्यानंतर एकही गेम तिला मिळाला नाही. दुसरी सर्व्हिस ही तर या बिघाडाची हक्काची जागा, कारण डबल फॉल्ट हा एकच पॉइंट असा की जिंकणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. भीतीनं हाताचा वेग मंदावतो, चेंडू नुसता ढकलला जातो, त्याला पुरेसा टॉपस्पिन मिळत नाही, आणि जो चेंडू फिरकीमुळे झपकन खाली यायचा तो तरंगत रेषेपलीकडे जातो. जपून मारायला गेलं की हे असं होतं. मग पुढच्या वेळी आणखी जपून मारलं जातं आणि घसरण सुरू होते.

यावरून विचार सोडून द्या, शरीराला खेळू द्या, असा सल्ला निघतो. टिमथी गॅलवे या अमेरिकी प्रशिक्षकाच्या १९७४ च्या ‘द इनर गेम ऑफ टेनिस’चा गाभा हाच. सतत हुकूम सोडणारा एक ‘स्व’ आणि प्रत्यक्ष खेळणारा दुसरा ‘स्व’, यातल्या पहिल्याला गप्प केलं की दुसरा नीट खेळतो, असं त्याचं म्हणणं. पुस्तक सुरेख आहे आणि त्याच्या वाचकांत टेनिस न खेळणारेच अधिक असावेत. पण हौशी खेळाडूनं ते जपून वाचावं. शॅन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असं दिसलं की लक्ष दुसरीकडे गुंतवलं तर कुशल खेळाडूंचं काही बिघडत नाही, नवख्यांचं मात्र बिघडतं. नवख्याला हालचालीवर लक्ष द्यावंच लागतं, कारण तिची सवय अजून झालेली नसते. ज्याची सर्व्हिसची पकडच चुकीची आहे त्यानं मन शांत केलं तर तो शांतपणे चुकेल. तंत्र कच्चं असेल तर मनाच्या गप्पा कशाला, हा आक्षेप म्हणूनच अर्धा मान्य करायला हवा. सरावाच्या वेळी तंत्र हेच खरं. पण सामन्याच्या मधोमध तंत्र दुरुस्त होत नसतं, आणि बहुतेक हौशी खेळाडू नेमके तेव्हाच ते दुरुस्त करायला बसतात. दोन चेंडू बाहेर गेले की मनगट, कोपर, खांदा यांची उजळणी सुरू. सामन्यात लक्ष कुठं ठेवावं याचं बरं उत्तर गॅब्रिएल वुल्फ यांच्या संशोधनात आहे. आपल्या अवयवांपेक्षा हालचालीच्या परिणामावर, म्हणजे चेंडूच्या वाटेवर किंवा तो जिथं पडायला हवा त्या जागेवर लक्ष ठेवलं तर कौशल्याची कामं अधिक चांगली होतात, हे त्यांनी आणि इतरांनी अनेक प्रयोगांत दाखवलं आहे.

चेंडू खेळात असतानाचं हे झालं. उरलेल्या पाऊण वेळाचं काय करायचं, याकडे जिम लोअर या क्रीडा मानसशास्त्रज्ञानं लक्ष वेधलं. पॉइंट संपल्यावर अव्वल खेळाडू काय करतात हे त्यानं बारकाईनं पाहिलं आणि त्यातून ‘सोळा सेकंदांचा उपाय’ मांडला : आधी चेहऱ्यावर आणि खांद्यांत हार न दिसू देता वळायचं, मग श्वास संथ करून शरीर सैल सोडायचं, मग पुढचा पॉइंट कसा खेळायचा ते ठरवायचं, आणि शेवटी चेंडू टप्पे देऊन आपला नेहमीचा क्रम पाळायचा. वाचताना हे बाळबोध वाटतं, आणि काहीसं आहेही. पण यातल्या क्रमाला अर्थ आहे. ठरवणं हे शांत होण्याच्या नंतर येतं. संतापलेल्या डोक्यानं ठरवलेला पुढचा पॉइंट म्हणजे बहुधा मागच्या पॉइंटचा सूड असतो.

रागाची बाजू घेणारेही आहेत, आणि त्यांच्याकडे कोर्टावरच्या संतापासाठी गाजलेल्या जॉन मॅकेन्रोचं उदाहरण तयार असतं. राग काढून टाकला की मोकळं वाटतं, खेळ सुधारतो, असा त्यांचा दावा. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात त्यांना आधी अपमानास्पद शेरे देऊन चिडवलं गेलं. काहींनी त्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारले, काही नुसते बसून राहिले. ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त उरला. काहीच न करणारे कमी आक्रमक निघाले. रॅकेट आपटणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. खुद्द मॅकेन्रोचा पुरावाही दोन्हीकडे जातो. १९८४ हे त्याचं सोन्याचं वर्ष, वर्षभरात तीनच पराभव. पण त्यातला एक फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत लेंडलकडून, पहिले दोन सेट जिंकल्यावर. एका कॅमेरामनच्या हेडसेटमधून येणाऱ्या आवाजावर तो भडकला आणि मग सामना हातचा गेला. ती स्पर्धा त्याला कधीच जिंकता आली नाही. उलट १९७५ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात आर्थर ॲश बाजू बदलताना डोळे मिटून बसायचा. पण नुसत्या शांतपणानं तो जिंकला नाही. समोरच्या, वेगावर जगणाऱ्या जिमी कॉनर्सला वेगच द्यायचा नाही, हा बेत तो त्या शांततेत पाळत होता.

हौशी खेळातला सर्वांत जास्त राग मात्र स्वतःवर नसतो, तो रेषेवर असतो. इथं एक संशोधन फार उपयोगी आहे. डेव्हिड व्हिटनी आणि सहकाऱ्यांनी २००७ च्या विम्बल्डनमधल्या पंचांच्या चुका तपासल्या. चुकीच्या ठरलेल्या ८३ निर्णयांपैकी ७० मध्ये आतला चेंडू बाहेर दिला गेला होता. चुका निव्वळ योगायोगाच्या असत्या तर दोन्ही प्रकार साधारण सारखे निघाले असते. कारण डोळ्यांच्या कामात आहे : हलणारी वस्तू आपल्याला तिच्या गतीच्या दिशेनं किंचित पुढे सरकलेली भासते, त्यामुळे रेषेवर पडलेला चेंडू पलीकडे पडल्यासारखा दिसतो. प्रशिक्षित, तटस्थ, एका जागी बसलेल्या पंचांचं हे, तर धावत, धापा टाकत, पॉइंट हवासा असलेल्या माणसाच्या डोळ्यांचा काय भरवसा? म्हणजे समोरचा ‘आउट’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेल असं धरून चालायचं कारण नाही. त्याला खरंच बाहेर दिसलेला असू शकतो. अमेरिकी टेनिस संघटनेच्या ‘द कोड’मध्ये विनापंच सामन्यांसाठी नियम आहे की खात्रीनं बाहेर म्हणता येत नसेल तो चेंडू आत धरायचा. तो सभ्यतेचा नियम म्हणून सांगितला जातो, पण दृष्टिभ्रमावरचा तो अचूक उतारा आहे. लबाडी करणारे लोकही असतात, ते मी नाकारत नाही. फक्त प्रत्येक वादग्रस्त ‘आउट’ त्यांच्या खाती टाकला तर वर्षभरात क्लबात बोलायला माणूस उरायचा नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत साधा : हौसेखातर खेळतो, त्यात एवढं मनाचं मोजमाप कशाला? गंमत अशी की डावावर काही लागलेलं नसतानाच भावना जास्त उसळतात. व्यावसायिक खेळाडूला हरल्यावरही पैसे मिळतात, पुढच्या आठवड्यात दुसरी स्पर्धा असते. हौशी माणसाला खेळातून मिळतो तो फक्त स्वतःबद्दलचा एक बरा समज, आणि तो दर सामन्याला पणाला लागतो. शिवाय आपल्याकडे क्लबातला सामना बहुतेक वेळा दुहेरीचा, म्हणजे चूक चार जणांच्या देखत होते आणि पार्टनरला भोवते. प्रत्येक चुकीनंतर ‘सॉरी, सॉरी’ म्हणणारा स्वतःचं ओझं पार्टनरवर टाकत असतो, कारण दर वेळी ‘जाऊ दे’ म्हणायचं काम त्याला लागतं. या सोबतीची किंमत लहान नाही. कोपनहेगनमध्ये सुमारे साडेआठ हजार लोकांवर २५ वर्षांपर्यंत लक्ष ठेवून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बैठं जीवन जगणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचं अपेक्षित आयुष्य ९.७ वर्षांनी जास्त आढळलं, बॅडमिंटनचं ६.२, जॉगिंगचं ३.२, जिमचं १.५. टेनिस खेळणारे मुळात सुखवस्तू असतात, आणि अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खुद्द अभ्यासकांनाही मान्य आहे. पण यादीच्या वरच्या टोकाला समोर माणूस लागणारे खेळ यावेत, याकडे त्यांनीही बोट दाखवलं आहे.

मग स्कोअरच ठेवू नये का, नुसत्या रॅली खेळाव्यात? तो मार्ग सोपा आहे, पण स्कोअर काढला की लक्षही सैल होतं आणि सरावापलीकडे फारसं काही उरत नाही. अडचण बहुधा स्कोअरची नसून जोडीची असते. पातळीत अंतर असलेले दोघे समोरासमोर आले की एक जण कंटाळतो, दुसरा खजील होतो. जुन्या लॉन टेनिसमध्ये यावर तोडगा होता : हँडिकॅपच्या स्पर्धा सर्रास व्हायच्या, त्यात कमी ताकदीच्या खेळाडूला प्रत्येक गेममध्ये पंधरा किंवा तीसची सुरुवात दिली जाई, आणि फार तगड्या खेळाडूला शून्याच्याही मागून सुरुवात करावी लागे. ज्या जुन्या दरबारी टेनिसमधून हा खेळ निघाला, त्यात ही पद्धत आजही चालते. लॉन टेनिसमधून ती जवळपास गेली. गोल्फवाल्यांनी मात्र आपली टिकवली, म्हणून तिथं नवखा आणि मुरलेला दोघे एकाच फेरीत खरी चुरस करू शकतात. क्लबात तीसची सुरुवात द्यायला ना पंच लागतो ना ठराव, आणि घेणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल ते पहिले दोन गेम. तिसऱ्या गेमला ड्यूस झाला की देणाराही बेसलाइनवर नीट उभा राहू लागतो.